क्लॅम्प मीटरने करंट कसा मोजायचा: शेतपंप आणि घरासाठी पहिल्यापासून

मोटर एका क्षणात क्वचितच जळते. जळायच्या आधी बरेच दिवस ती एखाद्या फेजवर जास्त करंट ओढत असते. स्टार्टर अधूनमधून ट्रिप होतो आणि कुणीतरी ओव्हरलोड रिलेचा (जास्त करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या भागाचा) स्क्रू फिरवून त्याला गप्प करतं. मग एके रात्री लाइन येते, मोटर घुरघुरते आणि दुसऱ्या दिवशी ती वर काढून रिवाइंडिंगला न्यावी लागते. हे सगळं आधीच दिसू शकतं, फक्त अँपिअर मोजायला हवेत. त्यासाठीचं साधन म्हणजे क्लॅम्प मीटर, जुने वायरमन ज्याला टाँग टेस्टर म्हणतात.

विहिरीवर किंवा बोअरवर तीन फेजची मोटर आहे, आयटीआयला नुकता प्रवेश घेतला आहे, किंवा घरातला गिझर नक्की किती अँपिअर घेतो हे पाहायचं आहे, अशा सगळ्यांना पुढच्या पायऱ्या क्रमाने करता येतील. एक अट मात्र पाळा. चालू स्टार्टरचं झाकण उघडून मोजायचं असेल, तर पहिल्या काही वेळा परवानाधारक वायरमन शेजारी असू द्या.

१. योग्य मीटर घ्या

बाजारात तीन प्रकार दिसतात आणि दुकानदार तिन्हींना ‘मीटर’च म्हणतो.

पहिला साधा डिजिटल मल्टिमीटर. डीटी-८३०डी नावाचा पिवळा मीटर सगळीकडे मिळतो. त्यावर ‘१० ए’ लिहिलेलं भोक असतं, त्यामुळे हा मोटरचा करंट मोजेल असं वाटतं. तो मोजत नाही. त्यातला करंटचा भाग फक्त डीसीसाठी (बॅटरीसारख्या एकाच दिशेच्या करंटसाठी) आहे, एसी (लाइनवरच्या, दिशा बदलत राहणाऱ्या करंटचे) अँपिअर त्यात नाहीतच. शिवाय त्या १० अँपिअरच्या भोकामागे फ्यूज नसतो. बॅटरी, एलईडी, छोटं सर्किट यासाठी तो ठीक आहे. शेतपंपाच्या पेटीत त्याला अँपिअरसाठी आणू नका.

दुसरा एसी क्लॅम्प. याच्या जबड्यात लोखंडी गाभा आणि त्यावर वेटोळं असतं. वायरीतून एसी करंट गेला की तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं आणि त्या वेटोळ्यात थोडा करंट तयार होतो. म्हणजे तो छोटा ट्रान्सफॉर्मरच आहे. म्हणूनच वायर तोडावी लागत नाही. पण त्याच कारणाने त्याला डीसी करंट दिसतही नाही.

तिसरा एसी-डीसी क्लॅम्प. याच्या जबड्यात चुंबकीय क्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर असतो आणि तो दोन्ही मोजतो. सोलर पॅनेल, ई-रिक्षा, ट्रॅक्टरची बॅटरी यांच्याशी काम असेल तर हाच घ्या.

घेताना ‘ट्रू आरएमएस’ (म्हणजे वेड्यावाकड्या आकाराचा करंटही बरोबर मोजणारा) लिहिलंय का ते पाहा. साधे क्लॅम्प सरासरी मोजून त्यावरून आकडा दाखवतात. सरळ एसी मोटरवर तो बरोबर येतो, पण इन्व्हर्टर एअर कंडिशनर, एलईडी दिव्यांचं सर्किट किंवा व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रावर) चालणारा पंप असेल तर खऱ्यापेक्षा बराच कमी दाखवतात. कमी दाखवणारा मीटर जास्त धोक्याचा, कारण वायर गरम होत असताना आकडा निर्धास्त करतो.

मीटरवर कॅट थ्री ६०० व्होल्ट असं छापलेलं असावं. कॅट म्हणजे मीटर कुठपर्यंत सुरक्षितपणे वापरता येईल याचा दर्जा. कॅट टू म्हणजे सॉकेटला लावायच्या उपकरणांपुरता. वितरण पेटी, स्टार्टर, कायम बसवलेली मोटर यांना कॅट थ्री लागतो. वीज मीटरच्या आधीची, खांबावरून येणारी बाजू कॅट फोरमध्ये येते आणि तिथे तुम्ही हात घालायचाच नाही.

२. जवळ काय हवं

- क्लॅम्प मीटर, आणि त्याच्यासोबतचे व्होल्टेज मोजायचे प्रोब. त्यांचं इन्सुलेशन कुठेही चिरलेलं नको.
- कोरडे रबरी तळव्याचे बूट, आणि ओल असेल तर उभं राहायला कोरडी फळी किंवा रबरी मॅट.
- विजेच्या कामाचे रबरी हातमोजे.
- मोटरच्या नामपट्टीचा फोटो. सबमर्सिबल खाली बोअरमध्ये असते, म्हणून खरेदीच्या कागदांसोबतचं माहितीपत्रक जपून ठेवा. त्यातला ‘पूर्ण लोड अँपिअर’ हा आकडा तुमचा मापदंड आहे.
- वही. मोबाइलपेक्षा वही बरी, कारण ती पेटीजवळ टांगून ठेवता येते.

३. हात घालण्यापूर्वी

ऑटो स्विच बंद करा. बहुतेक शेतपंपांना तो लावलेला असतो आणि लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते. लाइन गेलेली आहे म्हणून निश्चिंतपणे पेटी उघडायची आणि त्याच वेळी लाइन यायची, हा अपघाताचा नेहमीचा मार्ग आहे.

पेटीत कपॅसिटर असेल तर मेन स्विच बंद केल्यावरही तो काही वेळ भरलेला राहतो. पाच मिनिटं थांबा, व्होल्टेज मोजून शून्य झाल्याची खात्री करा, मगच वायरी हलवा.

वायरी जबड्यात नीट बसतील अशा आधीच, लाइन बंद असताना, एकमेकींपासून सुट्या करून ठेवा. चालू पेटीत बोटाने वायर बाजूला सारायची वेळ येऊ देऊ नका.

आणि मल्टिमीटर वापरणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. करंट मोजताना लाल प्रोब अँपिअरच्या भोकात असतो आणि तिथे मीटरचा आतला रोध जवळपास शून्य असतो. काम झाल्यावर प्रोब तिथेच राहिला आणि पुढच्या वेळी कुणी व्होल्टेज बघायला तो फेज-न्यूट्रलवर टेकवला, तर तो सरळ शॉर्ट सर्किट आहे. प्रोबचं टोक वितळतं, स्वस्त मीटर हातातच फुटतो. अँपिअरचं काम संपलं की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत लावा. मीटर बाजूला ठेवण्याआधी लावा.

४. जबड्यात एकच वायर

नवशिक्याचा पहिला आकडा हमखास शून्य येतो, कारण त्याने पूर्ण केबल जबड्यात घेतलेली असते. फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो. दोघांची चुंबकीय क्षेत्रं विरुद्ध असतात, म्हणून बेरीज शून्य. तीन फेजच्या केबलमध्ये तिन्ही वायरी एकत्र घेतल्या तरी तेच होतं. मीटर बिघडलेला नसतो.

जबड्यात फक्त एक वायर घ्या. ती जबड्याच्या मधोमध, शक्य तितकी काटकोनात ठेवा. जबडा पूर्ण मिटला पाहिजे. दोन्ही टोकांच्या फटीत माती किंवा गंज असेल तर आकडा कमी येतो, म्हणून ती टोकं कोरड्या कापडाने पुसत जा. शेजारून जाड वायर जात असेल तर ती थोडी लांब असू द्या.

रेंज निवडायची असेल तर मोठीपासून सुरुवात करून खाली या. मात्र छोटे आकडे क्लॅम्पला नीट जमत नाहीत, हे लक्षात ठेवा. माहितीपत्रकात अचूकता ‘±(२% + ५ अंक)’ अशी दिलेली असते. ४० अँपिअरच्या रेंजवर शेवटचा अंक ०.०१ अँपिअरचा असेल, तर ४ अँपिअर मोजताना चूक ०.०८ अधिक ०.०५, म्हणजे ०.१३ पर्यंत. हे चालतं. पण ०.२ अँपिअर मोजताना ती सुमारे ०.०५ होते, म्हणजे आकड्याचा चौथा हिस्सा. पंख्यासारखं छोटं उपकरण मोजायचं असेल तर तीच वायर जबड्यातून पाच वेळा वेटोळून घ्या. मीटर पाचपट दाखवेल, त्याला पाचने भागा. वेटोळे मोजताना जबड्याच्या आतून वायर किती वेळा जाते ते मोजायचं.

५. तीन फेजच्या मोटरची पहिली नोंद

ही नोंद मोटर चांगली चालत असतानाच करायची. बिघाड झाल्यावर मोजलेला आकडा ताडून बघायला दुसरा आकडाच नसेल, तर तो फारसं काही सांगत नाही.

मोटर चालू करा. सुरुवातीला पूर्ण लोडच्या पाच ते सात पट करंट क्षणभर जातो. साधा क्लॅम्प तो पकडू शकत नाही, ‘इनरश’ बटण असलेलाच पकडतो. नोंदीला त्याची गरज नाही. पाइपातून पूर्ण धार येऊ द्या, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, मग मोजा:

आधी तिन्ही व्होल्टेज: लाल-पिवळा, पिवळा-निळा, निळा-लाल. मग तिन्ही फेजचे अँपिअर एकेक करून. शेवटी दोनशे लिटरचं बॅरल किती सेकंदांत भरतं ते. तारीख, वेळ आणि विहिरीतली पाण्याची पातळीही लिहा. बॅरलची वेळ बरेच जण सोडून देतात, पण ‘करंट कमी आणि पाणीही कमी’ की ‘करंट जास्त आणि पाणी तेवढंच’, यावरूनच बिघाडाची दिशा कळते.

किती अँपिअर यायला हवेत? ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट. ४१५ व्होल्ट, पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा वाटा) ०.८ आणि कार्यक्षमता ८२% धरली, तर साधारण ७.९ अँपिअर येतात. जमिनीवरच्या मोटरला ‘एचपीला दीड अँपिअर’ हा वायरमन मंडळींचा हिशोब त्याच्या जवळ जातो. सबमर्सिबल अरुंद असते, तिची कार्यक्षमता कमी, म्हणून ती त्याच एचपीला जास्त घेते. अंदाज आणि नामपट्टी जुळत नसतील तर नामपट्टी खरी धरा.

व्होल्टेज लिहिल्याशिवाय अँपिअर लिहू नका. पंपाला काम तेवढंच करायचं असतं, त्यामुळे व्होल्टेज पडलं की करंट चढतो. वरची मोटर ३४० व्होल्टवर चालली तर नऊ अँपिअरच्या वर जाईल. मोटरमध्ये दोष काहीच नसेल, तरी वाइंडिंग मात्र तापेल. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट २०% वाढला की उष्णता ४४% वाढते.

६. तिन्ही फेज सारखे आहेत का

समजा लाल ७.०, पिवळा ८.२, निळा ७.६ आले. सरासरी ७.६. सरासरीपासून सगळ्यात लांबचा फरक ०.६. त्याला ७.६ ने भागलं की ७.९% असमतोल. पाचपर्यंत निश्चिंत राहा. पाच ते दहामध्ये कारण शोधा. दहाच्या वर मोटर चालवू नका.

कारण लाइनमध्ये आहे की मोटरमध्ये, हे शोधायची एक जुनी आणि खात्रीची रीत आहे. मेन बंद करून मोटरच्या तिन्ही वायरी स्टार्टरवर एकेक घर पुढे सरकवा: लालवरची पिवळ्यावर, पिवळ्यावरची निळ्यावर, निळ्यावरची लालवर. तिन्ही सरकल्या की मोटरची दिशा बदलत नाही. (दोनच अदलाबदल केल्या तर मोटर उलटी फिरेल.) पुन्हा मोजा, मग आणखी एकदा सरकवून मोजा. जास्त करंट मोटरच्या त्याच वायरीबरोबर फिरत राहिला तर दोष मोटर, केबल किंवा केबलच्या जोडात आहे. जास्त करंट लाइनच्या त्याच फेजवर थांबला तर दोष पुरवठ्याकडे आहे. अशा वेळी मोटर वर काढायची मजुरी वाचते. आधी स्वतःचे किटकॅट फ्यूज, स्टार्टरचे काळवंडलेले संपर्क आणि सैल स्क्रू पाहा. ते ठीक असतील तर तिन्ही व्होल्टेज लिहून महावितरणकडे तक्रार द्या. व्होल्टेजमध्ये १% फरक असला तरी करंटमध्ये तो ६ ते १० पट होऊन दिसू शकतो, म्हणून व्होल्टेजमधला छोटा फरक ‘चालायचंच’ म्हणून सोडू नका.

एक फेज पूर्ण गेला आणि मोटर चालूच राहिली, तर उरलेल्या दोन फेजवर करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) याचसाठी असतो. तो ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून बायपास केलेला बऱ्याच ठिकाणी आढळतो. त्याची वायर परत जोडा आणि तो का ट्रिप होतो ते वरच्या रीतीने शोधा. कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटर) लावून दोन फेजवर मोटर चालवायची पद्धतही याच कारणाने महागात पडते. तिन्ही वाइंडिंगमधला करंट कधीच सारखा राहत नाही. हे पटत नसेल तर क्लॅम्प लावून तिन्ही आकडे स्वतः बघा.

७. कुठे मोजलं यावर आकडा बदलतो

इथे अनुभवी माणसंही फसतात.

स्टार-डेल्टा स्टार्टरमधून (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टा जोडणीत चालवणाऱ्या) मोटरकडे सहा वायरी जातात. डेल्टावर मोटर चालू असताना यातल्या एका वायरीवर क्लॅम्प लावला तर लाइन करंटच्या ५८% आकडा येतो, कारण लाइनचा करंट दोन वाइंडिंगमध्ये वाटला जातो. लाइनवर १५ अँपिअर असतील तर सहापैकी एका वायरीवर ८.७ दिसतील. नामपट्टीवरचा आकडा मात्र लाइनचा असतो. ८.७ पाहून ‘मोटर निम्म्याच लोडवर आहे’ असं समजू नका. स्टार्टरमध्ये येणाऱ्या तीन वायरींवर मोजा. बऱ्याच स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले या सहा वायरींच्याच मार्गात असतो. तो १५ वर लावला, तर मोटर २६ अँपिअरपर्यंत गेली तरी तो ट्रिप होणार नाही. तिथे सेटिंग ८.७ चं हवं. रिले कोणत्या वायरीत आहे ते आधी बघा.

कपॅसिटरचं उलट आहे. ५ एचपीला २ केव्हीएआरचा (केव्हीएआर हे कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक) कपॅसिटर लावला की लाइनच्या बाजूचा करंट ७.९ वरून साडेसहाच्या आसपास येतो, पण कपॅसिटरच्या पुढे मोटरकडे जाणाऱ्या वायरीत ७.९ च राहतो. नामपट्टीशी ताडायचा आकडा मोटरकडच्या वायरीचा. याचा एक फायदाही आहे: कपॅसिटरच्या वायरीवर क्लॅम्प लावून तो जिवंत आहे का ते बघता येतं. २ केव्हीएआरला ४१५ व्होल्टवर तिन्ही वायरींत सुमारे २.८ अँपिअर यायला हवेत. एखादीत फार कमी असतील तर तो बदला.

पेटीवरचा काट्याचा अँपिअरमीटर रोज नजर टाकायला चांगला, पण ताडून बघायला नाही. त्याचा अचूकता वर्ग पूर्ण स्केलवर धरलेला असतो. १.५ वर्गाचा (म्हणजे पूर्ण स्केलच्या १.५% चूक असू शकणारा), ३० अँपिअरचा मीटर कुठेही ०.४५ अँपिअरने चुकू शकतो, आणि स्केलचा सुरुवातीचा भाग तर वाचताच येत नाही. मोठ्या पेटीत तो करंट ट्रान्सफॉर्मरवर चालत असेल, तर मोटर चालू असताना मीटरच्या मागची वायर कधीही सोडवू नका. सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) दुय्यम बाजू उघडी राहिली की तिथे जीवघेणं व्होल्टेज चढतं.

८. नोंदीवरून बिघाड ओळखणं

तिन्ही फेज सारखेच कमी, पाणीही कमी: बोअरचं पाणी खाली गेलंय, फूटव्हॉल्व्ह किंवा जाळी तुंबलीय, किंवा मोटर उलटी फिरतेय. सबमर्सिबल पाण्यावरच थंड राहते आणि तिचे बेअरिंगही पाण्यावरच चालतात. आकडा नेहमीच्या बराच खाली दिसला की लगेच बंद करा.

तिन्ही सारखेच जास्त, व्होल्टेज ठीक: वाळू अडकलीय, बेअरिंग गेलंय किंवा पंख घासतोय. पाणी नेहमीपेक्षा जास्त वाहत असेल तर पाइप कुठेतरी फुटलाय. सेंट्रिफ्युगल पंपावरचा दाब कमी झाला की तो जास्त पाणी टाकतो आणि जास्त करंट घेतो. म्हणूनच व्हॉल्व्ह अर्धा बंद केला की करंट कमी होतो. ‘व्हॉल्व्ह दाबला की मोटरवर ताण येतो’ हा समज अशा पंपाला लागू नाही.

आकडा सारखा वरखाली नाचतोय: बहुधा पंप हवा ओढतोय किंवा एखादा जोड सैल आहे. जोड हाताने तपासू नका. बंद करून रंग, वास आणि वितळलेलं इन्सुलेशन बघा.

सिंगल फेज सबमर्सिबलच्या स्टार्ट, रन, कॉमन अशा तीन वायरी असतात. त्यातली कॉमन मोजा, एकूण करंट तिच्यात असतो. बाकी दोन्हींचे आकडे बेरजेला जुळणार नाहीत, आणि ते तसेच असायचे.

९. घरात मोजताना

घरात सुटी वायर मिळत नाही. बाजारात मिळणारा लाइन स्प्लिटर (सॉकेट आणि उपकरणाच्या मध्ये लावून एक वायर सुटी करून देणारा) वापरा, किंवा फेजची वायर बाहेर सुटी ठेवलेला छोटा एक्स्टेन्शन वायरमनकडून करून घ्या. चालू वायरीचं वरचं आवरण ब्लेडने सोलून मोजू नका.

२३० व्होल्टवर १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर घेते, २००० वॅटचा गिझर ८.७, आणि ३००० वॅटचा १३. गिझर ६ अँपिअरच्या सॉकेटवर कधीच नको. इस्त्री-गिझरसारख्या उपकरणांत अँपिअर गुणिले व्होल्ट केलं की वॅट मिळतात. फ्रिज, एअर कंडिशनर, पंखा यांत ते वॅट नसतात, कारण पॉवर फॅक्टर मध्ये येतो आणि क्लॅम्प तो सांगत नाही. वीज बिलाचा हिशोब अशा गुणाकारावर करू नका.

१०. सोलर पंप असेल तर

पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंतचा करंट डीसी असतो. एसी क्लॅम्प तिथे शून्य दाखवेल आणि वायर मात्र पूर्ण जिवंत असेल. एसी-डीसी क्लॅम्पवर डीसी निवडा, जबडा रिकामा ठेवून शून्याचं बटण दाबा, मग वायर घ्या. मीटर हलवला की शून्य सरकतं, म्हणून प्रत्येक मोजणीआधी ते पुन्हा करा. जबड्यावरच्या बाणाच्या उलट दिशेने वायर गेली तर आकडा ऋण येतो, तेवढ्याने घाबरायचं नाही.

मल्टिमीटरने पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट मोजू नका. ५४० वॅटच्या पॅनेलचा तो १३ ते १४ अँपिअर असतो, म्हणजे मीटरच्या १० अँपिअरच्या भोकाच्या बाहेर. ऊन असताना चालू लोडवर पॅनेलचा कनेक्टरही ओढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी स्वतःहून विझत नाही. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी आयसोलेटर, मग कनेक्टर.

११. गळती शोधायला साधा क्लॅम्प पुरत नाही

फेज आणि न्यूट्रल एकत्र जबड्यात घेतले की जो आकडा उरतो तो अर्थकडे गळणारा करंट, हे तत्त्व बरोबर आहे. आरसीसीबीही (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) याच तत्त्वावर चालतो आणि घरातला ३० मिलिअँपिअरला ट्रिप होतो. पण वर पाहिल्याप्रमाणे साध्या क्लॅम्पची चूकच ५० मिलिअँपिअरची असते. त्यावर ०.०० दिसलं म्हणून ‘गळती नाही’ असा निष्कर्ष काढून पंपाच्या लोखंडी पाइपाला हात लावू नका. त्यासाठी मिलिअँपिअर मोजणारा लीकेज क्लॅम्प वेगळा मिळतो. तो नसेल तर वायरमनकडून मेगर लावून इन्सुलेशन तपासून घ्या, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहा.